शिसेयुक्त पेट्रोल : एका शतकाचा इतिहास (इ. स. १९२१ ते २०२१)

प्रस्तावना :
शिशाचे विषारीपण मानवास प्राचीन काळापासून ज्ञात होते. असे असूनही विसाव्या शतकात ते जगभरातील मोटारींच्या धुरातून हवेत मिसळत राहिले. हे कसे घडले, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शोध व रसायनशास्त्र :
पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण दाबले जाऊन ठिणगीने पेटते. हलक्या प्रतीच्या पेट्रोलमध्ये या मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोहोचण्यापूर्वीच पेट घेतो. यास ‘नॉकिंग’ म्हणतात. त्यामुळे इंजिनाची हानी होते. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडच्या अत्यल्प मात्रेने हा दोष दूर होतो, असे आढळले. अल्कोहोलचा पर्यायही ज्ञात होता. परंतु त्याची मात्रा कितीतरी अधिक लागत असे. पुढे इंजिनात शिसे साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमिनची संयुगे मिसळण्यात आली. परिणामी शिसे लेड ब्रोमाइडसारख्या क्षारांच्या रूपाने धुरावाटे बाहेर पडू लागले.

१९२५ ची परिषद :
१९२३ मध्ये विक्रीस प्रारंभ झाला. ‘इथिल’ या व्यापारी नावात शिशाचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील प्रकल्पात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे सर्जन जनरल यांनी परिषद बोलाविली. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी या इंधनास ठाम विरोध केला. उद्योगाच्या वतीने रॉबर्ट केहो यांनी, अपाय सिद्ध झाल्याखेरीज वापर थांबवू नये, अशी भूमिका मांडली. १९२६ मध्ये चौकशी समितीने बंदीस पुरेसा आधार नसल्याचा निर्वाळा दिला. पुढील संशोधन व्हावे, अशी तिची शिफारस होती. ते मात्र दीर्घकाळ प्रामुख्याने उद्योगाच्याच पैशावर चालले.

माघार :
पृथ्वीचे वय निश्चित करणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये, मानवी शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे प्रतिपादन केले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बालकांच्या दातांतील शिसे व बुद्ध्यंक यांतील संबंध दाखवून दिला. दरम्यान १९७५ पासून अमेरिकन मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. त्यातील प्लॅटिनम शिशामुळे निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल अपरिहार्य ठरले. बालकांचे आरोग्य जे घडवू शकले नाही, त्याला एका उपकरणाच्या रक्षणाने गती दिली.

भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर त्याचीच विक्री सुरू झाली. २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबविल्यावर रस्त्यावरील वाहनांसाठी या इंधनाचा वापर जगभर संपुष्टात आला. लहान विमानांच्या इंधनात मात्र शिसे अद्याप वापरले जाते.

समारोप :
१९२५ मध्ये खरा प्रश्न पुराव्याच्या उत्तरदायित्वाचा होता. ते उत्पादकावर न टाकता इशारा देणाऱ्यांवर टाकले गेले आणि त्याचे मूल्य अनेक पिढ्यांतील बालकांनी चुकविले. त्या काळी मागे पडलेले अल्कोहोल आज भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलच्या रूपाने मिसळले जाते आणि महाराष्ट्रातील साखर कारखाने त्याचे उत्पादन करतात. इथेनॉल म्हणजे शिसे नव्हे. तथापि कोणत्याही नव्या इंधनाची सुरक्षितता कोणी, कोणाच्या खर्चाने व केव्हा सिद्ध करावयाची, हा प्रश्न आरंभीच विचारला गेला पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.