परक्या नदीचा मासा

समुद्राला धनी नाहीं. नदीला मात्र आहे. हा भेद ज्यानें ओळखला नाहीं, त्यानें परदेशीं जातांना सामानांत गळ आणि काठी नेऊं नये हें बरें. गळ टाकून मासे धरण्याचा षोक असलेला प्रवासी नॉर्वेसारख्या देशांत उतरला, म्हणजे तेथील माशांपेक्षां परवान्यांचा पसाराच त्याला अधिक चकित करतो. खाडीच्या कांठीं बसून तो खुशाल गळ टाकूं शकतो. त्याला कोणी हटकीत नाहीं. परंतु तीच खाडी सोडून तो नदीच्या मुखांत शिरला आणि त्याला सॅमन मासा धरावयाचा असला, कीं त्याच्याजवळ दोन निरनिराळे कागद असावे लागतात. एक कांठच्या जमीनमालकाचा आणि दुसरा सरकारचा. पाण्याला पाणी लागलेलें असतां नियम दोन कां, या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षां इतिहासांत अधिक स्पष्टपणें सांपडतें.

सॅमन हा मासा नदीच्या वरच्या अंगाच्या गोड्या पाण्यांत जन्मतो, कांहीं वर्षांनीं समुद्रांत उतरतो, तेथें पुष्ट होतो, आणि अंडीं घालण्यासाठीं बहुधा आपल्याच जन्मनदीकडे परततो. बंगालमधील हिलसाहि असाच समुद्रांतून नदींत चढतो, हें श्रोत्यांपैकीं अनेकांना ठाऊक असेल. अशा माशाच्या बाबतींत एक विलक्षण अडचण उत्पन्न होते. नदीच्या मुखाशीं बसलेल्या मनुष्यानें आडवें जाळें लावून पात्र अडविलें, तर वर डोंगरांतल्या शेतकऱ्याला एकहि मासा मिळावयाचा नाहीं. आणि डोंगरांतल्या शेतकऱ्यानें अंडीं घालावयास आलेले मासे सरसकट मारले, तर चार-पांच वर्षांनीं मुखाशीं बसलेल्याचें जाळेंहि रिकामें निघेल. म्हणजे मासा एकाचा असूनहि सर्वांचा, आणि सर्वांचा असूनहि कोणाचाच नव्हे, असा हा प्रकार आहे.

नॉर्वेच्या लोकांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. त्या देशाच्या पश्चिम भागांत मध्ययुगांत जो गुलाथिंग कायदा चालत असे, त्यांत मासा ही ईश्वराची देणगी मानली असून तिला समुद्रकिनाऱ्याप्रमाणेंच डोंगराकडेहि जाऊं द्यावें, असा नियम घातलेला आहे. इंग्लंडांत १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सुप्रसिद्ध सनदेंतहि थेम्स व मेडवे या नद्यांतील मासे अडविण्याचे बांध काढून टाकावे, असें कलम आहे. त्याचा मुख्य हेतु नौकांची वाट मोकळी करण्याचा होता खरा. परंतु नौकांची वाट मोकळी झाली म्हणजे माशांचीहि होते. येणेंप्रमाणें दोन्ही देशांत आरंभ सारखाच झाला. पुढें मात्र त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या.

इंग्लंडांत कारखान्यांचें युग आलें. गिरण्यांसाठीं नद्यांवर बंधारे पडले, शहरांची घाण आणि रसायनें पात्रांत येऊं लागलीं. ज्या थेम्स नदींत एके काळीं सॅमन विपुल होता, तेथून तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच नाहींसा झाला. आयझॅक वॉल्टन यानें १६५३ सालीं गळाच्या कलेवर आपला प्रख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून जो छंद इंग्रज गृहस्थाच्या अंगीं मुरला होता, त्याला घरच्या नद्या अपुऱ्या पडूं लागल्या. पार्लमेंटनें १८६१ सालीं सॅमनच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १८६५ च्या कायद्यानें नद्यांवर संरक्षक मंडळें नेमून जाळें व काठी या दोहोंवर परवान्याची फी बसविली. या फीच्या उत्पन्नांतून नदीवर राखणदार ठेवावे, अशी ती योजना होती. आजच्या परवान्याचें मूळ येथें आहे. तो मासे मारण्याचा हक्क विकत देणारा कागद नव्हता. नदी राखणाऱ्याच्या वेतनाची ती वर्गणी होती.

परंतु कायदा होईपर्यंत धनिक इंग्रज थांबले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावापासूनच ते उत्तर समुद्र ओलांडून नॉर्वेकडे वळले. तेथील आल्टा, नामसेन, लेर्दाल या नद्यांत त्यांना इतके मोठे मासे मिळाले, कीं प्रतिवर्षीं उन्हाळ्यांत त्यांची वारीच सुरू झाली. नॉर्वेचे लोक त्यांना ‘सॅमनचे लॉर्ड’ म्हणत. नॉर्वेंत गोड्या पाण्यांतील माशांचा हक्क कांठच्या जमिनीच्या मालकाकडे असे, आणि हा मालक म्हणजे बहुधा साधा शेतकरी. इंग्रज पाहुण्यानें त्याच्याशीं करार करावा, नदीचा एखादा भाग मक्त्यानें घ्यावा, कांठीं लांकडी बंगला बांधावा, आणि गांवांतल्याच एखाद्या जाणत्या नाविकाला मदतनीस म्हणून ठेवावें, असा क्रम पडला.

या व्यवहाराचे परिणाम दुहेरी झाले. शेतकऱ्याच्या हातांत रोख पैसा आला. जाळ्यानें धरलेल्या माशाला बाजारांत जी किंमत येई, तीपेक्षां तोच मासा गळाला लागावा म्हणून पाहुणा कितीतरी अधिक देई. त्यामुळें पाण्यांत सोडलेला मासा हाहि एक ठेवा आहे, ही दृष्टि त्याला आली. परंतु त्याबरोबरच, ज्या नदीवर बापजाद्यांनीं मासे धरले, तिच्या कांठीं आपण चाकर आणि दूरदेशचा सरदार धनी, हें दृश्यहि गांवाला पाहावें लागलें. जमीनमालकाचा परवाना हा या जुन्या मक्त्याचाच आजचा अवतार होय. सरदार गेले, दिवसाच्या किंवा आठवड्याच्या हिशेबानें तोच हक्क आतां सामान्य प्रवाशालाहि विकत मिळतो. सरकारी फीचा पैसा मात्र माशांच्या संवर्धनासाठीं राखलेल्या निधींत जमा होतो. एक कागद हक्काचा, दुसरा कर्तव्याचा, असा हा भेद आहे.

समुद्रावरील मोकळीकहि निर्वेध राहिली नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारींतून शीतपेट्या भरभरून मासे परदेशीं नेणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढली, तेव्हां २००६ सालीं नॉर्वेनें माणशीं १५ किलोंची मर्यादा घातली. पुढें ही मर्यादा वेळोवेळीं बदलली, आणि नोंदलेल्या व्यावसायिकाकडे उतरणाऱ्या पाहुण्यापुरतीच ती सवलत ठेवण्यांत आली. परदेशी प्रवाशानें केवळ हातानें वापरावयाची साधनें वापरावीं आणि धरलेला मासा विकूं नये, हे नियम तर आहेतच. छंद कोठें संपतो आणि धंदा कोठें सुरू होतो, याची रेघ सरकारला अशी ओढावी लागली.

याहून गंभीर प्रसंग १९७५ सालीं ओढवला. बाहेरून आणलेल्या माशांबरोबर एक सूक्ष्म परोपजीवी कृमि नॉर्वेच्या नद्यांत आला. बाल्टिक समुद्राकडील सॅमन त्याला दाद देत नाहीं. परंतु नॉर्वेच्या सॅमनचीं पिलें त्यानें नदीच्या नदी रिकाम्या होईपर्यंत मारलीं. पन्नासाच्या आसपास नद्यांना त्याची बाधा झाली, आणि कित्येक नद्यांत विष घालून सर्व मासे मारून नव्यानें आरंभ करावा लागला. हा कृमि ओल्या जाळ्यांत, ओल्या बुटांत कांहीं काळ जिवंत राहूं शकतो. म्हणून परक्या नदीवरून आलेल्या मनुष्यानें आपलें सर्व साहित्य निर्जंतुक करूनच पाण्यांत उतरावें, असा दंडक पडला. आइसलंडांतहि असाच दंडक आहे. लक्षाधीश असो वा विद्यार्थी, पैशानें ही अट सुटत नाहीं. कारण ही किंमत नव्हे, ही सावधगिरी आहे.

परवान्यामागचा हा अर्थ लोकांना पटला नाहीं तर काय होतें, तें आयर्लंडनें दाखविलें. पूर्वीं ज्यांना परवाना लागत नसे, अशा ट्राउट व इतर मासे धरणाऱ्यांवरहि १९८७ च्या कायद्यानें फी बसविली. पिढ्यान्‌पिढ्या गांवच्या तळ्यावर मोकळेपणानें गळ टाकणाऱ्या माणसांना हा कर अन्यायाचा वाटला. त्यांनीं परवाने घेण्यास नकार दिला, आणि शेवटीं १९९० च्या सुमारास सरकारला माघार घ्यावी लागली. आजहि तेथें सॅमनला सरकारी परवाना लागतो, साध्या ट्राउटला लागत नाहीं. फी किती हा मुद्दा गौण होता. आपल्याच पाण्यावर आपल्याला परकें केलें जात आहे, हें शल्य मोठें होतें.

आणि तरीहि परवान्याची शक्ति मर्यादितच आहे. जून २०२४ मध्यें समुद्रांतून परतणाऱ्या सॅमनची संख्या इतकी घटली, कीं नॉर्वेच्या सरकारनें ऐन हंगामांत ३३ नद्यांवरील सॅमनची मासेमारी थांबविली. ज्यांनीं रीतसर पैसे भरून परवाने घेतले होते, त्यांच्याहि काठ्या गुंडाळल्या गेल्या. यांत दोष केवळ गळवाल्यांचा नव्हता. समुद्रांत पिंजऱ्यांतून वाढविल्या जाणाऱ्या सॅमनपासून पसरणाऱ्या उवा, पिंजऱ्यांतून निसटून रानटी माशांत मिसळणारे मासे, आणि समुद्राची बदललेली स्थिति, हीं कारणें तेथील शास्त्रज्ञ सांगतात. काठीवाल्याला दोन कागद दाखवावे लागतात आणि मोठा अपाय मात्र दुसरीकडूनच होतो, ही विसंगति उघड आहे. काठीवर बसविलेले नियम पिंजऱ्यापर्यंत तितक्याच कठोरपणें पोहोंचल्याशिवाय ती दूर होणार नाहीं.

म्हणून परदेशांत गळ घेऊन जाणाऱ्या प्रवाशानें परवान्याकडे निव्वळ दंडाची पावती म्हणून पाहणें योग्य नव्हे. त्यानें धरलेला मासा कोणीतरी आपल्या पात्रांतून वर जाऊं दिला, कोणीतरी त्याच्या अंड्यांची राखण केली, आणि कोणीतरी स्वतःचें जाळें आंवरलें, म्हणूनच तो गळापर्यंत आला. पाहुणा चार दिवसांनीं घरीं जातो. नदीजवळ राहतो तो गांवकरी. त्या गांवकऱ्याला पुढच्या वर्षींहि नदींत मासा दिसावा, एवढ्यासाठींच तो कागद आहे. आणि ज्या वर्षीं नदी रिकामी असेल, त्या वर्षीं खिशांत परवाना असूनहि काठी न उघडणें, हाहि त्याच कागदाचा अर्थ आहे.