कॅसेटवरच्या प्रोग्रामची कुळकथा

संगणकाचा प्रोग्राम गाण्यांच्या कॅसेटवर साठवायची रीत १९७५च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली आणि १९९०नंतर थोड्याच वर्षांत युरोपातही संपली. मधल्या काळात घरगुती संगणकांवर जे लिहिले गेले, शिकले गेले आणि खेळले गेले, त्याचा फार मोठा भाग याच पट्टीवर होता. कॅसेट या कामासाठी घडवलेली नव्हती आणि संगणकही कॅसेटसाठी घडवलेला नव्हता. दोघांची सोयरीक जुळली ती निव्वळ पैशांच्या टंचाईमुळे.

चुंबकीय पट्टी संगणकाला नवी नव्हती. १९५१ सालच्या युनिव्हॅकबरोबर युनिसर्वो हे टेपयंत्र आले. त्याची पट्टी प्लॅस्टिकची नसून निकेलचा मुलामा दिलेल्या कांस्याची होती. पुढच्याच वर्षी आयबीएमने ७२६ हे यंत्र आणले आणि प्लॅस्टिकची पट्टी रूढ केली. ती झटक्यात चालू-बंद होताना तुटू नये म्हणून तिचा सैल झोळ निर्वात पोकळीत ओढून धरलेला असे. कपाटाएवढी ही यंत्रे सरकारी खाती, विमा कंपन्या आणि प्रयोगशाळांना परवडत. घरात आणण्याची ती वस्तू नव्हे.

कॅसेटचे कूळ वेगळे. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्टच्या कारखान्यात लू ऑटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि १९६३च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली गेली. पट्टीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. सुरुवातीला बोलणे टिपून ठेवण्यापुरतीच तिची लायकी मानली जाई. संगीत तिच्यावर नंतर आले. फिलिप्सने इतर उत्पादकांकडून परवान्याचे शुल्क घेतले नाही. त्यामुळे दहा-बारा वर्षांत कॅसेट रेकॉर्डर ही स्वस्तातली, कुठेही मिळणारी वस्तू झाली.

जानेवारी १९७५मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा हा संगणक ३९७ डॉलरला मिळत होता. त्याला कळफलक नव्हता की पडदा नव्हता. दर्शनी पाटीवर स्विच आणि लाल दिवे तेवढे होते. प्रोग्रामचा एकेक बाइट स्विच वरखाली करून आत घालायचा आणि वीज गेली की सगळे पुसले जायचे. यावर उपाय म्हणजे टेलिटाइप एएसआर ३३ हे टंकयंत्र. ते कागदी फितीवर छिद्रे पाडून सेकंदाला १० अक्षरे लिही आणि वाची, पण ते संगणकापेक्षाही महाग पडे. फ्लॉपी डिस्क १९७१पासून अस्तित्वात होती. मात्र तिचा ड्राइव्ह हौशी माणसाच्या आवाक्यातला नव्हता. उरला कपाटातला कॅसेट रेकॉर्डर.

अडचण एवढीच होती की रेकॉर्डरला आवाज तेवढा कळतो. शून्य आणि एक हे अंक विजेच्या दोन स्थिर पातळ्यांनी दाखवले, तर पट्टीवर त्यातले काही धडपणे उमटत नाही. तोडगा दूरध्वनीच्या जगात आधीच सापडलेला होता. बेल कंपनीच्या १०३ या मोडेमने १९६२पासून शून्यासाठी एक स्वर आणि एकासाठी दुसरा, अशी योजना चालवली होती. तीच हौशी मंडळींनी उचलली, पण प्रत्येकाने आपापल्या मर्जीचे स्वर आणि वेग निवडले. परिणामी एकाची कॅसेट दुसऱ्याच्या संगणकाला वाचता येईना.

हा घोळ निस्तरण्यासाठी ‘बाइट’ मासिकाने ७ आणि ८ नोव्हेंबर १९७५ रोजी मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत निर्मात्यांची आणि जाणकारांची बैठक भरवली. डॉन लँकेस्टर यांच्या कल्पनेवर चर्चा झाली आणि मसुदा लिहिण्याचे काम ली फेल्सेन्स्टाइन व हॅरॉल्ड मॉच यांच्याकडे आले. फेब्रुवारी १९७६च्या अंकात तो छापून आला आणि गावाच्या नावाने कॅन्सस सिटी प्रमाण म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्याची रचना साधी आणि विचारपूर्वक केलेली होती. शून्य म्हणजे १२०० हर्ट्झच्या स्वराची ४ आवर्तने, एक म्हणजे २४०० हर्ट्झच्या स्वराची ८ आवर्तने. दोन्हींना सारखाच वेळ लागतो, सेकंदाचा तीनशेवा भाग. एक स्वर दुसऱ्याच्या नेमका दुप्पट, त्यामुळे संगणकाला कालमापनाचा ठेका पट्टीवरच्या आवाजातूनच काढता येई. स्वस्त रेकॉर्डरची मोटर कधी जलद तर कधी मंद फिरते. सेल उतरले की आणखी मंदावते. पण पट्टी हळू चालली तर ठेकाही तेवढाच हळू पडे आणि वाचन चुकत नसे. प्रत्येक बाइटच्या आधी एक शून्य, मग ८ बिट, शेवटी दोन एक, असे एकूण ११ बिट. सेकंदाला ३०० बिट म्हणजे जेमतेम २७ बाइट. ४ किलोबाइटचा प्रोग्राम यायला अडीच मिनिटे लागत. पद्धत संथ होती, पण भरवशाची.

आवाजच तो, म्हणून कॅसेट सोडून दुसऱ्या वाहनावरही तो चढला. मे १९७७मध्ये ‘इंटरफेस एज’ मासिकाने अंकासोबत प्लॅस्टिकची पातळ ध्वनिमुद्रिका दिली. तिच्यावर ६८०० या प्रोसेसरसाठी लिहिलेली ४ किलोबाइटची बेसिक भाषा कॅन्सस सिटी पद्धतीने भरलेली होती. वाचकाने ती रेकॉर्डप्लेअरवर लावायची आणि तार संगणकाला जोडायची.

प्रमाण मात्र टिकले नाही. १९७७ साली अ‍ॅपल २, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन तयार संगणक बाजारात आले आणि तिघांनीही कॅसेटसाठी स्वतःची पद्धत काढली. यामागे हटवादीपणापेक्षा काटकसर जास्त होती. कॅन्सस सिटी पद्धतीला स्वर घडवणारे आणि ओळखणारे वेगळे सर्किट लागे. प्रोसेसर पुरेसा वेगवान असेल तर तेच काम चार-दोन सुट्या भागांत आणि थोड्या प्रोग्रामिंगमध्ये भागते, वेगही वाढतो. अ‍ॅपल २मध्ये स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी तेच केले. कमोडोरने स्वतःचा खास रेकॉर्डरच विकायला काढला. संगणक सगळा मजकूर पट्टीवर लागोपाठ दोनदा लिही आणि वाचताना दोन्ही ताडून पाही. ही खबरदारी इतकी वेळखाऊ होती की पुढे कमोडोर ६४साठी वेग वाढवणाऱ्या ‘टर्बो’ प्रोग्रामांचा वेगळा धंदाच उभा राहिला. कॅन्सस सिटीचा वारसा जपला तो १९८१च्या बीबीसी मायक्रोने. जुना ३०० बिटांचा वेग ठेवून त्याने त्याच दोन स्वरांवर १२०० बिटांचाही दिला. भारतात १९८४ साली शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात निवड झाली ती याच संगणकाची. आयबीएमनेही १९८१च्या आपल्या पहिल्या पीसीला कॅसेटची खोबण ठेवली होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही.

कॅसेटचे खरे राज्य ब्रिटनमध्ये आणि उरलेल्या युरोपात होते. त्याचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे एप्रिल १९८२मध्ये आलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने त्याचीच स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती परवाना घेऊन भारतात विकायला आणली. स्पेक्ट्रममध्ये स्वर मोजायला वेगळा भाग नाही. ३५ लाख हर्ट्झने चालणारा झेड८० प्रोसेसर कान देऊन बसतो आणि लहर वरून खाली, खालून वर जायला किती वेळ लागला ते मोजतो. शून्याची लहर साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची, एकाची बरोबर दुप्पट. यात शून्य लवकर संपते, म्हणून वेग ठरावीक राहत नाही. ज्या प्रोग्राममध्ये शून्ये जास्त तो लवकर येतो. सरासरी सेकंदाला १४००-१५०० बिट पडतात.

लोडची आज्ञा देऊन कॅसेट चालू केली की आधी सुमारे ५ सेकंद एकसुरी शिट्टी ऐकू येते आणि पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे सरकतात. ही शिट्टी म्हणजे संगणकाला सावध करण्याची खूण. मग निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्यांचा एक झटका येतो; त्यात प्रोग्रामचे नाव, प्रकार आणि लांबी अशी १७ बाइटची ओळख असते. पुन्हा थोडी शिट्टी आणि त्यानंतर खरा मजकूर, कानठळ्या बसवणाऱ्या खरखरीत. बहुतेक खेळांत आधी चित्र येई. ६९१२ बाइटचे ते चित्र अर्ध्या-पाऊण मिनिटात पडद्याच्या एकेका तृतीयांशात, मधल्या ओळी सोडत सोडत भरत जाई, रंग मात्र शेवटी एकदम चढत. ४८ किलोबाइटची पूर्ण स्मृती भरायला पाच मिनिटे लागत. आणि चौथ्या मिनिटाला एखादी लहर हुकली की ‘आर टेप लोडिंग एरर’ असा शेरा येऊन सगळे मुसळ केरात.

हुकण्याचे मोठे कारण हेडचा कोन. रेकॉर्डरचे हेड पट्टीशी काटकोनात हवे. जरा कलले की उंच स्वर बोथट होतात. गाण्यात तो फरक खपून जातो, प्रोग्रामला तो भोवतो. म्हणून बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडशेजारचा स्क्रू पिळत आवाज जास्तीत जास्त कर्कश लागेल तिथे थांबणे, ही त्या पिढीची ठरलेली कसरत होती.

आवाजाच्या रूपात असल्याचा सर्वांत अजब फायदा रेडिओने घेतला. नेदरलँड्समध्ये एनओएस या प्रसारण संस्थेच्या ‘हॉबीस्कोप’ या कार्यक्रमातून प्रोग्राम प्रक्षेपित होत. वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांना एकच प्रक्षेपण चालावे म्हणून तिथे ‘बेसिकोड’ ही सामाईक पद्धत बसवली गेली. युगोस्लाव्हियात तर याची गरजच होती, कारण आयातीवरच्या कडक मर्यादांमुळे परदेशी संगणक सरळ मार्गाने मिळणे अवघड होते. वोया आंटोनिच यांनी झेड८०वर बेतलेला, कोणालाही घरी जोडता येईल असा ‘गालाक्सिया’ रचला आणि १९८३च्या अखेरीस देयान रिस्तानोविच यांनी संपादित केलेल्या विशेषांकात त्याचा पूर्ण आराखडा छापून आला. त्याच सुमारास बेलग्रेड रेडिओवरच्या ‘व्हेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमात झोरान मोडली श्रोत्यांना कॅसेट लावून ठेवायला सांगत आणि प्रोग्रामची खरखर हवेत सोडत. नंतरच्या काळातल्या डाउनलोडचे मूळ शोधायचे तर इथेही शोधावे लागते.

ज्या गुणामुळे हे साधले त्यानेच विक्रेत्यांची झोप उडवली. दोन कॅसेटचा डेक असला की खेळाची नक्कल करायला संगणकही लागत नसे. मग ‘स्पीडलॉक’सारख्या योजना आल्या. त्या ठरलेल्या लहरी बदलून, शिट्टीत मुद्दाम खंड पाडून नक्कल बिघडवू पाहत. नक्कल करणारे थांबले नाहीत. प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यांचे लोडिंग मात्र आणखी बेभरवशाचे झाले. तोवर फ्लॉपी स्वस्त होत आली होती. अमेरिकेत तर अ‍ॅपलच्या १९७८च्या ‘डिस्क २’नंतरच कॅसेट मागे पडू लागली होती. स्पेक्ट्रमचे उत्पादन १९९२मध्ये थांबले.

आता या कॅसेट संग्राहकांच्या ताब्यात आहेत आणि प्रश्न जतनाचा आहे. पट्टी स्वतः बऱ्यापैकी चिवट निघाली; आधी दगा देतात ते तिच्या भोवतीचे भाग. कॅसेटमधली नमद्याची छोटी गादी गोंद वाळून निसटते आणि रेकॉर्डरचे रबरी पट्टे डांबरासारखे चिकट होतात. जुनी कॅसेट थेट वाजवू नये. आधी ती टोकापासून टोकापर्यंत एकदा सावकाश गुंडाळून घ्यावी, मागच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे दात मोडलेले नसतील तर मोडून टाकावेत, म्हणजे चुकून वरून काही भरले जाणार नाही. हेड आणि रबरी चाक स्पिरिटने पुसावे, डॉल्बी ही खरखर घटवणारी सोय बंद ठेवावी, हेडचा कोन त्या विशिष्ट कॅसेटला जुळवून घ्यावा आणि आवाज कसलेही संकोचन न करता सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी संगणकावर उतरवावा. एमपी३ इथे निरुपयोगी आहे. माणसाच्या कानाला जे जाणवत नाही ते गाळायचे हे त्याचे तत्त्व, आणि लहरींची नेमकी लांबी त्यातच बिघडते.

उतरवलेल्या आवाजातून पुढे लहरी मोजून बिट काढले जातात. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला तर मधला मजकूर शाबूत आहे असे धरायला हरकत नाही. न जुळल्यास त्याच खेळाच्या दुसऱ्या प्रतीतून तुटका भाग भरून काढतात. हे सगळे साठवण्यासाठी १९९७मध्ये तोमाझ कात्स यांनी टीझेडएक्स हा फाइल-प्रकार मांडला. स्पीडलॉकसारख्या वाकड्या लहरीही त्यात जशाच्या तशा नोंदवता येतात, त्यामुळे तोच संग्राहकांचा प्रघात झाला. १९८६मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ साली स्पेक्ट्रमच्या रॉमची (अंगभूत प्रोग्रामची) प्रत एम्युलेटरसोबत (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामसोबत) द्यायला मुभा दिली आणि जुने प्रोग्राम नव्या यंत्रांवर उघडपणे चालू लागले. मूळ संगणक शिल्लक असेल तर रेकॉर्डरचीही गरज नाही. मोबाइलच्या हेडफोनच्या खोबणीतून तीच खरखर दिली की स्पेक्ट्रम ती मुकाट्याने ऐकतो.

फाइल तयार झाली की मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकण्याचा मोह संग्राहकांना होतो. तो टाळावा. टीझेडएक्स हा आवाजाचा लावलेला अर्थ आहे आणि तो लावताना कोणत्या लहरी निरुपयोगी म्हणून सोडल्या हे नंतर त्या फाइलमधून कळत नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटची एका वाहिनीवर उतरवलेली कच्ची प्रत जेमतेम ४८० मेगाबाइट भरते. आजच्या काळात ती ठेवून द्यायला काहीच अडचण नसावी.