सिर्फिनी

सिर्फिनी : द्विपंखी (डिप्टेरा) गणातील सिर्फिडी कुलाचे एक उपकुल. जगभरात याच्या सुमारे १,८०० जाती असून बहुतेकांच्या अळ्या परभक्षी असतात. शेतकरी त्यांना ‘सिरफिड माशी’ या नावाने ओळखतात.

माशीच्या पोटावरील काळ्या-पिवळ्या पट्ट्यांमुळे ती गांधीलमाशीसारखी दिसते; मात्र तिला नांगी नसते. पंखांची एकच जोडी, आखूड शृंगिका आणि हवेत एका जागी स्थिर राहण्याची लकब यांवरून ती ओळखता येते.

मादी माव्याच्या वसाहतीजवळ सुमारे १ मिमी. लांबीची, पांढरी, लांबट अंडी सुटी घालते. दोन-तीन दिवसांत बाहेर येणाऱ्या अळीला पाय नसतात आणि डोळेही नसतात. निमुळते डोके इकडेतिकडे फिरवत ती भक्ष्य चाचपते, सापडलेला मावा तोंडातील आकड्यांनी पकडून पानावरून वर उचलते आणि आतील रस शोषून रिकामी कातडी टाकून देते. पानावरील डांबरासारखे काळे डाग ही तिच्या विष्ठेची खूण होय. एपिसिर्फस बाल्टिएटस या जातीची अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावा कीटक खाते. पानाला चिकटलेला कोष थेंबाच्या आकाराचा असतो.

प्रौढ माशी फुलांतील मकरंद व पराग खाते आणि परागीभवनास हातभार लावते. परागातील प्रथिनांवाचून मादीची अंडी पक्व होत नाहीत. अमेरिका खंडातील टॉक्सोमेरस पॉलिटस या जातीची अळी मात्र मक्याचे पराग खाऊन वाढते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दक्षिण ब्रिटनवरून दोन जातींच्या मिळून वर्षाला ४०० कोटींपर्यंत माश्या स्थलांतर करतात. त्यांच्या अळ्या ३ ते १० लाख कोटी मावा कीटक फस्त करतात. भारतात इस्किओडॉन स्कुटेलॅरिस ही जाती मोहरी, मका इत्यादी पिकांवर आढळते. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात २००२ पासून पसरलेल्या लोकरी माव्यावर युपिओडीस कॉन्फ्रेटर ही जाती उपजीविका करते.

डिप्लाझॉन लेटेटोरियस ही परजीवी गांधीलमाशी या अळ्यांच्या शरीरात वाढून त्यांना मारते. सर्व किडींवर चालणाऱ्या कीटकनाशकांनी मावा व अळी दोन्ही मरतात, पण मावा अधिक झपाट्याने पुन्हा वाढतो. पिकात किंवा बांधावर फुलोऱ्यातील कोथिंबीर, बडीशेप राखल्यास प्रौढ माश्यांना अन्न मिळते व त्या तेथेच अंडी घालतात.