अर्ध्यावर राहिलेली पुस्तके

हातात घेतलेले पुस्तक पुरे होत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते, वेळच मिळत नाही. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इतिहासात डोकावले तर हे उत्तर अपुरे वाटू लागते.

9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, शंकरराव देव आदी 12 जणांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. सभा नाहीत, दौरे नाहीत, भेटीला येणारे कोणी नाही. सुरुवातीला पत्रे आणि वर्तमानपत्रेही बंद होती. वेळेची टंचाई हा प्रश्नच तिथे उरला नव्हता.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहायला घेतले ते एप्रिल 1944 मध्ये, किल्ल्यात येऊन 20 महिने उलटल्यावर. एकदा बसल्यावर मात्र सप्टेंबरपर्यंतच्या पाच महिन्यांत हाताने लिहिलेली सुमारे 1000 पाने तयार झाली. म्हणजे रिकामा वेळ आधीही होताच. नुसत्या वेळेने काम तडीस जात नाही.

मग कशाने जाते? नेहरूंनी प्रस्तावनेत आपल्या सोबत्यांचे ऋण मानले आहे. त्यात मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचा विशेष उल्लेख आहे. अरबी, फारसी, संस्कृत, पाली जाणणारी माणसे एकाच आवारात होती. वाचलेले बोलून दाखवायला आणि लिहिलेले तपासून घ्यायला शेजारी जाणकार होता. दुसरी गोष्ट नेमाची. मौलाना रात्र सरण्यापूर्वी उठत, आपला चहा आपणच करीत आणि लिहायला बसत. मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली, पण त्या काळी टपालात न पडलेली ती पत्रे 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून प्रसिद्ध झाली. 9 एप्रिल 1943 रोजी कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे निधन झाले. त्यांच्या आजाराच्या बातम्या येत होत्या तेव्हाही मौलानांनी दिनक्रम मोडू दिला नाही. मनात काय चालले होते, ते त्यांनी पत्रातच लिहिले आहे.

नेम आणि सोबत या दोन गोष्टी आपल्या मातीला नव्या नाहीत. याच जिल्ह्यातील नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. 18 अध्याय आणि सुमारे 9000 ओव्यांचा हा ग्रंथ आजही गावोगावच्या सप्ताहात सात दिवसांत वाचून होतो. वाचणारे शेतकरी असतात, मजूर असतात. कुरआन शरीफचेही तसेच. 30 पारे तर आहेतच, शिवाय आठवड्यात खतम करणाऱ्यासाठी सात मंजिला आहेत. पंधरा ओळींच्या मुसहफात एका पाऱ्याची साधारण 20 पृष्ठे होतात. पाच नमाजांनंतर चार-चार पृष्ठे वाचली की दिवसाला एक पारा होतो आणि रमजानच्या महिन्यात खतम. मोठा ग्रंथ माणसाच्या दिवसात कसा बसवायचा, हे आपल्या बुजुर्गांना नीट ठाऊक होते.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना मला एक कोडे नेहमी पडते. आठ-नऊ वर्षांचे मूल मकतबात जाऊन नाजरा कुरआन पूर्ण करते. तेच मूल सातवीत आल्यावर शाळेच्या पेटीतले 60 पानांचे गोष्टीचे पुस्तक अर्ध्यावर परत आणून देते. बुद्धी तीच, डोळे तेच. फरक एवढाच की मकतबात रोजचा सबक ठरलेला असतो, उस्ताद तो ऐकून घेतात, चुकले तर थांबवतात, आणि खतम झाला त्या दिवशी घरी मिठाई वाटली जाते. गोष्टीच्या पुस्तकाचा सबक कोणी ऐकत नाही. ते संपले काय, राहिले काय, घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा प्रश्न मुलांपुरता नाही. आपल्या सभा-संमेलनांत श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते घ्यायलाच हवे. पण त्यांचा ‘योगसंग्राम’ पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचलेले आपल्यात किती निघतील? जो समाज आपले ग्रंथ स्वतः वाचून संपवत नाही, त्याला त्या ग्रंथांत काय आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. सांगणारा चुकला किंवा मुद्दाम वाकडे बोलला, तर त्याला अडवायला आपल्याकडे काही नसते.

अपुरे राहणे हे नेहमीच आळसाचे लक्षण नसते, हेही खरे. मौलानांचा ‘तर्जुमानुल कुरआन’ पूर्ण झाला नाही. 1921 च्या अटकेत पोलिसांनी त्यांचे कागद नेले आणि परत मिळाले तेव्हा त्यांची दशा झाली होती. मौलानांनी पुन्हा लेखणी उचलली. 1931 मध्ये पहिला खंड आला, 1936 मध्ये दुसरा. 114 पैकी 23 सुरांपर्यंत काम पोचले, आणि 22 फेब्रुवारी 1958 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वाटेत झडती आली, तुरुंग आला, शेवटी मृत्यू आला.

आपल्या वाटेत बहुधा एवढे काही येत नाही. म्हणून उपायही साधाच आहे. पुस्तक हाती घेतानाच त्याच्या मंजिला पाडाव्यात, रोजची वेळ धरावी, आणि आज काय वाचले हे विचारणारे एक माणूस घरात किंवा मोहल्ल्यात शोधावे. शिक्षकांनी पाठ टाचणाबरोबर हेही करावे. आणि मुलाने पहिले पुस्तक संपवले, त्या दिवशीही घरात थोडी मिठाई यावी.