सुरत, जानेवारी १९६६: एका कव्हरच्या शोधात

संक्रांत तोंडावर आली आहे. तुम्ही चौक बाजारात किल्ल्याच्या भिंतीशी उभे आहात. गळ्यात दोन भिंगांची यशिका, आत कृष्णधवल रोल: बारा फोटो, प्रत्येक सहा बाय सहा सेंटिमीटरचा चौरस. एलपीचं कव्हरही चौरसच, बारा इंची. म्हणजे मान खाली घालून काचेवर जे बघाल, ते कुठेही न कापता तबकडीच्या दुकानात टांगलं जाईल.

तबकडी निघालेलीच नाही, ती तुमच्या मनात आहे. गनी दहींवालांच्या गझलांची. १९०८ साली सुरतेत जन्मलेले गनीभाई शिवणकामाच्या दुकानावर पोट भरत आले आणि गझल लिहीत आले. पुरुषोत्तम उपाध्यायांच्या चालीत महंमद रफींनी गायलेली त्यांची विरहाची गझल तुम्ही आपल्या काळातून कानात घेऊन आला आहात. तिला चित्र हवं आहे.

गायकाचा चेहरा छापून मोकळं व्हायची कंपन्यांची रीत मला पटत नाही. चेहरा ओळखीचा असला की नजर तिथेच थांबते. गझल ज्या गल्लीत जन्मली, ती गल्ली दिसायला हवी.

आधी तापीवर जा. १८७७चा होप पूल, खाली गढूळ पाणी, काठावर हुरडा भाजणाऱ्यांचा धूर. इथे त्याला पोंक म्हणतात. मूठभर घ्या, लिंबू-मिरीची शेव वर घालून. फोटो मात्र घेऊ नका. नदी आडवी पसरते, चौरसात ती नुसती पट्टी होते. शिवाय विरह म्हटला की नदी, हे कुणालाही सुचेल.

कतारगाम रस्त्यावरचं इंग्रजांचं कब्रस्तानही तसंच. १६६९ साली वारलेल्या वखारप्रमुख जॉर्ज ऑक्झेंडनची घुमटदार दुमजली कबर फार देखणी आहे, पण ती वखारवाल्यांचा रुबाब सांगते. शिंप्याच्या गझलेशी तिचं काय नातं?

डबगरवाडात तुम्ही हमखास अडकणार. खांबाखांबांत ताणलेला दोरा, बोटांना चिंध्या गुंडाळून त्यावर काचपूड आणि रंगाचा लगदा फिरवणारे कारागीर, हात कोपरापर्यंत गुलाबी. पण तुमच्या रोलवर गुलाबीचा राखाडी होणार, आणि हा मांजा दुसऱ्याचा पतंग कापायला निघालेला. तरी दोन फोटो घ्या. इथेच तुमच्या लक्षात येतं की आपण मघापासून दोऱ्यामागेच चाललो आहोत.

म्हणून पुढच्या गल्लीतल्या शिंप्याकडे. गनीभाई नव्हेत, कुणीही साधा शिंपी. "काका, फक्त हातांचा फोटो हवा," म्हणा. तो हसेल, सुई ओवत राहील. दारातून तिरपं ऊन फळीवर पडलंय. कापडावर खडूची रेघ, शेजारी कात्री. दुकानाच्या आत उजेड कमी, शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकं हळू. कॅमेरा छातीशी घट्ट धरा. काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, तेव्हा त्याचा सुईचा हात डावा भासेल. गोंधळू नका. वरचा कोपरा अंधारातच राहू द्या, कंपनीचं चिन्ह आणि नाव तिथे बसेल. ओठ, डोळे, टोपी काहीच नको. बोटांवरचे घट्टे पुरेत.

पुढल्याच वर्षी एचएमव्हीत जी. एन. जोशींच्या देखरेखीखाली 'कॉल ऑफ द व्हॅली' होणार आहे: संतूर, बासरी आणि गिटारवर काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस. सगळी तबकडी मिळून एक गोष्ट सांगते हे तेव्हा लोक मनापासून स्वीकारतील. तुमचं कव्हरही तेच मागतं आहे: दहा-बारा गझलांमागे एकच माणूस, एकच दुकान.

रोलमध्ये शेवटचा फोटो उरला आहे. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, म्हणून तो वेगळा घ्या. ऐंशीच्या दशकात कॅसेट येईल, तिचं कव्हर तळहातात मावणारं, उभं, अरुंद. चौरसाच्या दोन्ही बाजू कापल्या जातील. कात्री जाईल, खडूची रेघ जाईल. तेव्हा सुई आणि बोटं अगदी मधोमध आणा, दोरा वरून खाली सरळ उतरू द्या, आणि शिंप्याने पुढचा टाका घालायच्या आत बटण दाबा.