साहेबाशी बोलणे

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या कंपनीच्या वार्षिक मेजवानीत मुंबईहून आलेले एक संचालक अचानक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आमचा विभाग उचलून दुसऱ्या राज्यात नेणार, अशी कुजबुज चार महिने चालू होती. ‘साहेब भेटले तर तुम्हीच विचारा,’ असे सगळ्यांनी मला बजावून ठेवले होते. मी म्हणालो, “यंदा पाऊस लांबला, नाही?” ते म्हणाले, “हो, मुंबईतही.” मग पनीरच्या तुकड्याला टोचलेली काडी त्यांनी बशीत ठेवली आणि ते पुढच्या घोळक्याकडे गेले.

त्या एका मिनिटाची लाज पुढे बरेच दिवस पुरली. तिच्यातूनच एक नाद लागला: आपली माणसे कंपनीच्या साहेबाशी आजवर काय आणि कसे बोलली, ते धुंडाळायचे. शोध सुरू केला तो थेट मूळ कंपनीपासून. ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला सर्वात मोठा अंमलदार म्हणजे रेसिडेंट. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. १८११ पासून तिथे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, फारसीचा जाणकार आणि वाचनवेडा.

दरबारी भेटीला एक सोय होती, तिचा मला आता हेवा वाटतो. कोणी कुठे बसायचे ते ठरलेले असे, आधी क्षेमकुशल होई आणि विडा-अत्तर आले की भेट संपली असे समजायचे. खरे काम वकिलांनी आधीच आपसांत बोलून ठेवलेले असे. कोणालाही हातात बशी धरून विषय सुचण्याची वाट पाहावी लागत नसे. पण हा दस्तूर ओलांडून साहेबाशी मोकळेपणाने बोलू पाहणारेही होतेच. त्यांतला सर्वात विलक्षण माणूस गंगाधरशास्त्री पटवर्धन.

शास्त्रीबुवा बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी. पेशवे आणि गायकवाड यांच्यातले जुने हिशेब आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा तंटा मिटवायला ते १८१४ मध्ये पुण्यास आले. त्यांच्या जिवाची हमी, म्हणजे त्या काळच्या भाषेत बहांदरी, इंग्रजांनी घेतली होती. एल्फिन्स्टनने त्यांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे ते वाचताना हसू येते आणि मग अवघडायला होते. हा विद्वान शास्त्री साहेबासारखा झपाझप चालतो, भराभर बोलतो, समोरच्याला मध्येच तोडतो, वाक्यावाक्यात इंग्रजी शब्द घुसडतो आणि खुद्द पेशव्यांना व त्यांच्या कारभाऱ्यांना इंग्रजीतून शिव्या देतो, असा त्याचा आशय. त्याच लेखणीने एल्फिन्स्टन शास्त्रीबुवांच्या हुशारीला दादही देतो. माणूस कामाचा होता, साहेबाला हवा होता; तरीही साहेब त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसत होता. आमच्या कचेरीत संचालकांपुढे गोल्फच्या गप्पा मारणारे एक-दोघे होते, त्यांची मला इथे हटकून आठवण झाली.

शास्त्रीबुवांचे साहेबाशी जमले ते जमलेच. पुण्यात मात्र ते एकटे पडत गेले. बाजीरावाने आधी त्यांना चुचकारले. शास्त्रीबुवांच्या मुलाला आपली मेहुणी देण्याचेही ठरवले. ते लग्न शास्त्रीबुवांनी मोडले, आणि मग गोडीचे रूपांतर कशात झाले ते सर्वश्रुत आहे. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात विठ्ठलदर्शन घेऊन परतताना रात्री रस्त्यात मारेकऱ्यांनी त्यांना तोडले. इंग्रजांनी ठपका ठेवला त्रिंबकजी डेंगळ्यावर. बहांदरी देणारा एल्फिन्स्टन त्या दिवसांत वेरूळची लेणी पाहण्यास गेला होता.

साहेबाशी बोलण्याची दुसरी तऱ्हा खुद्द दुसऱ्या बाजीरावाची. या पेशव्यावर आपल्या इतिहासकारांनी इतके कोरडे ओढले आहेत की त्याच्या जिभेच्या कौशल्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. ऑगस्ट १८१७ मध्ये सर जॉन माल्कम त्याला भेटायला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस गेला. माल्कम एल्फिन्स्टनहून वयाने मोठा, मुत्सद्दी म्हणून नावाजलेला. बाजीरावाने त्याच्यापुढे मन मोकळे केले: आपण किती दुखावलो आहोत, तरी इंग्रजांशी स्नेह कसा अभंग आहे. माल्कम विरघळला आणि पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेसाठी फौज जमवा, असे स्वतःच सुचवून बसला. एल्फिन्स्टनचा त्यावर विश्वास बसला नाही. तीन महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि संगमावरचा रेसिडेंटचा बंगला जळाला.

आता गंमत पाहा. वणवण संपवून जून १८१८ मध्ये असीरगडच्या बाजूला बाजीराव शरण आला तो याच माल्कमला. पुन्हा भेट, पुन्हा बोलणे. माल्कमने कबूल केले वर्षाला आठ लाख रुपये! गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ती रक्कम फार वाटली. पण शब्द गेला होता. पेशवा काही फार वर्षे जगणार नाही, अशीही अटकळ होती. बाजीराव ब्रह्मावर्तास १८५१ पर्यंत जगला. माल्कम त्याच्या अठरा वर्षे आधीच वारला. राज्य घालवणाऱ्याची ही वकिली मी करत नाही. पण ज्या साहेबाला एकदा फसवले त्याच्याचकडून तेहेतीस वर्षांची बेगमी करून घेणे, हे बोलण्याचेच काम होते. दत्तकपुत्र नानासाहेबाला मात्र ते आठ लाख मिळाले नाहीत.

शास्त्रीबुवा साहेबासारखे बोलले. बाजीराव साहेबाला ऐकावेसे वाटेल ते बोलला. मी पावसाविषयी बोललो. तिघांत माझेच बोलणे निरुपद्रवी ठरले असे म्हणावे, तर तसेही नाही. मार्चमध्ये विभाग हलला. दोघे-तिघे गेले, बाकीच्यांनी हिशेब घेतला. माझी बदली झाली नाही. निवृत्ती जवळ आली म्हणून मला इथेच ठेवले. रिकाम्या टेबलांशेजारी मी दीड वर्ष काढले. त्या मेजवानीत साहेब काय म्हणाले, असे मला तेव्हाही कोणी विचारले नाही. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, हे मात्र सगळ्यांनी पाहिले होते.