परिचारिकेचे शिक्षण : बाहुलीपासून आभासी रुग्णापर्यंत

प्रत्येक परिचारिका आपले पहिले इंजेक्शन कोणाला तरी देतेच. ते कोणाला, हे आपण सहसा विचारीत नाही. खाजगी खोलीतल्या रुग्णाला शिकाऊ हात क्वचितच लागतो. सर्वसाधारण वॉर्डातल्या गरिबाला तो निमूटपणे सोसावा लागतो. या शिक्षणाचा इतिहास वाचू लागले तेव्हा मला दिसले की, यावर तोड काढण्यात बायकांचा वाटा मोठा आहे, आणि ती त्यांनी काढली बाहुल्यांच्या साहाय्याने.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कुद्रे नावाची एक नामांकित सुईण होती. खेडोपाडी हिंडून सुइणींना शिकविण्याचे काम १७५९ साली राजा पंधराव्या लुईने तिच्यावर सोपविले. तिच्या पुष्कळशा शिष्या निरक्षर. पुस्तक त्यांच्या काय कामाचे? म्हणून तिने कापडाचा व कातड्याचा बाईचा अर्धा देह शिवून घेतला आणि आत कापडी मूल ठेवले. आडवे आलेले मूल कसे फिरवावे, हे शिष्या त्यावर हाताने करून पाहत. सुमारे पंचवीस वर्षांत तिने हजारो बायकांना असे तयार केले. रूआँ शहरातल्या संग्रहालयात तिची एक बाहुली अजून आहे.

पुढे १९११ साली अमेरिकेतील हार्टफर्ड इस्पितळाच्या परिचारिका-शाळेच्या प्रमुख मिस लॉडर सदरलंड यांनी मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडे पुरी वाढलेल्या माणसाएवढी बाहुली मागितली. ती पाच फूट चार इंचांची ‘मिसेस चेस’ पुढे परिचारिकांच्या पिढ्यांनी उचलली, कुशीवर वळविली, अंथरुणावर निजविली. थोड्याच वर्षांत तिच्या दंडात सुई टोचण्याचीही सोय झाली. आपल्याकडे त्याच सुमारास, १९०९ मध्ये, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथून मुली व विधवा ससून इस्पितळात परिचर्या शिकण्यास जाऊ लागल्या. आपल्यापुढे तेव्हा बाहुलीचा प्रश्नच नव्हता. बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा की नाही, यावरच लोक भांडत होते.

१९६० साली नॉर्वेच्या लेर्दाल या खेळणीवाल्याने तोंडाने श्वास देण्याचा सराव करण्यासाठी ‘अ‍ॅन’ बनविली. आणि १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोळ्यांपुढे खोटे जग उभे करणारे यंत्र डोक्यावर चढविले (आडनाव तेच, हा निव्वळ योगायोग). ते इतके जड होते की छताला टांगावे लागे! आज ते चष्म्यासारखे डोळ्यांवर बसते. त्यालाच व्हीआर किंवा आभासी वास्तव म्हणतात. चष्मा लावला की विद्यार्थिनी वॉर्डात उभी असते, रुग्ण तिच्याशी बोलतो आणि ती चुकली तर त्याची नाडी ढासळते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयाची. कोणी दगावत नाही.

आपल्या जिल्ह्याला याचे मोल अधिक कळावे. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले, वीसच्या वर माणसे गेली. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तेव्हा अशा रुग्णांची रीघ लागली होती. फवारणीच्या पुष्कळ औषधांच्या विषबाधेत डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, छाती घरघरू लागते. मग अ‍ॅट्रोपिन देत जावे लागते. छाती मोकळी होईपर्यंत थांबता येत नाही, आणि अती झाले तर रुग्ण बरळू लागतो. या दोहोंमधला काटा रात्रभर सांभाळणारी बहुधा परिचारिकाच असते. हे रुग्ण येतात ते हंगामात, एकदम. उन्हाळ्यात शिकणाऱ्या मुलीने ते पाहावे कोठे? माझ्या मते या चष्म्याचे खरे काम येथे आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात कृत्रिम सरावाला स्थान मिळाले आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, वॉर्डातले निम्म्यापर्यंतचे तास अशा सरावाला दिले तरी विद्यार्थिनी मागे पडत नाहीत. मात्र तेथे शिकविणाऱ्या बाई तयारीच्या होत्या आणि प्रत्येक सरावानंतर काय चुकले याची चर्चा होत असे. नुसती यंत्रे आणून कपाटात ठेवली, तर ती उद्घाटनाच्या फोटोपुरतीच उरतील.

शिवाय चष्म्याला वजन कळत नाही, वासही नाही. फवारणीच्या रुग्णाचे भिजलेले कपडे आधी उतरवावे लागतात, सारे अंग, केस व नखांच्या फटी साबणाने धुवाव्या लागतात. आणि विष कातडीतूनही भिनते म्हणून परिचारिकेला स्वतःचे हात जपावे लागतात. निपचित पडलेला माणूस कुशीवर वळवून धुवावयाचा कसा, हे शिकण्यासाठी आजही बादली, साबण आणि मिसेस चेसच्या जातीची एक बाहुलीच लागते.